शंका-समाधान : नोकरी आणि घर न सोडता पदवी

प्रश्न : मी पतसंस्थेत लिपिक आहे. वय 31, शिक्षण बारावी कॉमर्स. कॉलेजला जायचं तर नोकरी सोडावी लागेल. घरून ऑनलाइन बी.कॉम. करण्यात नक्की फायदा काय? मुक्त विद्यापीठाची पदवी आणि ऑनलाइन पदवी एकच का?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि नेमलेल्या केंद्रावर लेखी पेपर अशी पद्धत असते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून याच वाटेनं शिकवतं. ऑनलाइन पदवीत व्हिडिओ, टिपणं, स्वाध्याय, चर्चा सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर होतं. परीक्षा कुठे घरून कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली, तर कुठे संगणक केंद्रावर जाऊन. हे फी भरण्याआधीच विचारून घ्या. दोन्हींना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2020 चे नियम लागू आहेत.

फायदा म्हणाल तर पहिला पगाराचा. तीन वर्षं तो चालू राहतो, आणि बाहेरगावी राहण्याजेवण्याचा खर्च वाचतो. दुसरा अंतराचा : राज्य विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला हद्द असते, ऑनलाइनला नसते. चिपळुणात बसून दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात प्रवेश घेता येतो. मात्र ऑनलाइन म्हणजे स्वस्त, हे डोक्यातून काढा. खासगी विद्यापीठांची फी अनेकदा इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) दूरस्थ अभ्यासक्रमाच्या कित्येक पट असते.

आता वेळेचा हिशेब. तीन वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट (अभ्यास मोजण्याची एककं) लागतात आणि एका क्रेडिटमागे 30 तास अभ्यास धरतात. म्हणजे 3,600 तास, आठवड्याला सुमारे 23. नोकरी आणि घर सांभाळून हे जड जातं. म्हणून कमाल मुदत किती, हा प्रश्न फीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुभा आहे. त्या गतीनं आठवड्याला 11-12 तास पुरतात. रोज पहाटे दीड तास आणि रविवारी थोडं जास्त, एवढं जमत असेल तरच प्रवेश घ्या.

गाडी अडते ती बहुधा असाइनमेंटवर. अंतिम परीक्षेला किमान 70 टक्के आणि अंतर्गत मूल्यमापनाला कमाल 30 टक्के भार असतो. हे 30 हातातले म्हणून लोक मागे टाकतात, आणि शेवटच्या आठवड्यात पाच विषयांचं लिखाण अंगावर येतं. दुसरी चूक इग्नूवाल्यांची नेहमीची : पुढच्या वर्षाची फेरनोंदणी आणि परीक्षेचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भरून दुसरा राहिला, की पेपर हुकतात.

घरून परीक्षा असेल तर मोबाइलवर विसंबू नका. वेबकॅम असलेला लॅपटॉप, चार्ज केलेली बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा. पावसाळ्यात वीज कधी जाईल, हे तुम्हाला सांगायला नकोच. सराव चाचणी देतात ती टाळू नका. कॅमेऱ्याची परवानगी बंद असल्याचं तिथेच कळतं. पेपरच्या वेळी खोलीत दुसरं कुणी डोकावलं तरी नोंद होते, मुलांना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : मुलगी कॉलेजात बी.कॉम. करते. सोबत ऑनलाइन बी.सी.ए. करावं म्हणते. एका एजंटचा फोन आला : 'फी आमच्याकडे भरा, पेपरची काळजी नको.' ही पदवी एमपीएससीला चालेल का?
– एक पालक, लातूर

उत्तर : एजंटचा नंबर ब्लॉक करा. फी फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवरून, विद्यापीठाच्याच खात्यात. पेपरची हमी देणारा तुमच्या मुलीची पदवी धोक्यात घालतो आहे.

दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. यूजीसीनं 2022 मध्ये तशी मुभा दिली. एक कॉलेजात, एक ऑनलाइन, हे त्यात बसतं. फक्त दोन्हीकडचे पेपर एकाच दिवशी आले तर तुमच्यासाठी कुणी तारीख बदलत नाही. मागच्या वर्षीची दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून पाहा.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, त्यामुळे जिथे 'कोणत्याही शाखेची पदवी' ही अट आहे तिथे ती चालते. प्रमाणपत्राच्या मागे शिक्षणपद्धती छापलेली असते. त्याला बिचकू नका. मात्र मान्यता सरसकट विद्यापीठाला नसते, अभ्यासक्रम आणि सत्र पाहून मिळते. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ, बी.सी.ए. हेच नाव, 'ऑनलाइन' ही पद्धत आणि तुमचं सत्र या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

प्रवेशासाठी त्याच संकेतस्थळावर डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून 12 अंकी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक). इथे नाव आधारवरून येतं. चिपळूणच्या भगिनींनीही हे वाचावं : दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल तर अर्ज अडकू शकतो. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातला नावबदल आधीच हाताशी ठेवा.

प्रश्न : मानसशास्त्रात घरून बी.ए. करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र हे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्हींतून काढले आहेत. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा तर आधीपासूनच नाहीत. तीन विषयांच्या बी.ए.त मानसशास्त्र वगळून बाकीचे विषय घेता येतात, पण समुपदेशक व्हायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. तुम्हाला कॉलेजच गाठावं लागेल.