टोमॅटोचं बूड काळं का पडतं?

प्रश्न : टिळकवाडीत आम्ही काही कुटुंबं मिळून एका मोकळ्या जागेत भाजी करतो. पाळीपाळीने पाणी घालतो. एप्रिलअखेरपासून टोमॅटो खालच्या टोकाला काळे पडून दबतात. कुठलं औषध मारावं?

उत्तर : औषध मारू नका, हा रोग नव्हेच. देठाच्या विरुद्ध टोकाला चामड्यासारखा, कोरडा, खोलगट डाग असेल तर फळाला कॅल्शियम कमी पडतंय. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. दोन दिवस वाफा कोरडा, तिसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. पाळीच्या पाण्यात नेमकं हेच होतं, म्हणून आधी पाळ्या नीट लावा.

रोज सकाळी फळांवर आलेल्या झाडाला साधारण दोन लिटर पाणी मुळाशी द्या. त्याआधी बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी थांबा. वर उसाचं पाचट तीन इंच पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा सोडून. पाचट आपल्याकडे मुबलक आहे, ते जाळण्यापेक्षा इथे आणा. युरिया बंद करा. नुसता पाला माजतो आणि कॅल्शियम पानंच ओढतात. चुना मात्र माती तपासून, सामू (pH, म्हणजे माती किती आंबट ते सांगणारा आकडा) सहाच्या खाली असला तरच. डागाळलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत.

वळीव झोडपून गेला की साचलेलं पाणी लगेच चरीने बाहेर काढा, नाहीतर मुळं गुदमरतात आणि पिकायला आलेली फळं तडकतात.