कोरियनमध्ये '-सम्निदा' कधी लावायचं आणि '-यो' कधी?

तुम्ही विचारलंय की '-सम्निदा' आणि '-यो' हे दोन्ही क्रियापदाला लागणारे आदराचे शेवट, पण क्लासमध्ये '-सम्निदा' घोकून घेतात, ड्रामात मात्र जो तो '-यो' म्हणतो, मग ते शिकायचंच कशाला? ड्रामात घर आणि कॅफे जास्त, म्हणून तसं वाटतं. सोलच्या मेट्रोत बसा, स्टेशनच्या नावाची घोषणा '-इम्निदा'ने (नामाला लागणारं '-सम्निदा'चंच रूप) संपते. बातम्या, मुलाखत, प्रेझेंटेशन, नवी ओळख, सगळीकडे तेच.

मी एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करतो. पहिल्या दिवशी उभं राहून ऐटीत म्हणालो, "जोनन पुनेएसॉ ओश्यॉस्सम्निदा." सगळे खो खो हसले. म्हणजे मी म्हणालो होतो, "माझं पुण्याहून आगमन झालं आहे!" शेवट बरोबर होता, पण मधे 'शि' घुसवला होता (तोच पुढच्या स्वरात मिसळून 'श्यॉ' होतो). हवं होतं नुसतं 'वास्सम्निदा'.

आपली गल्लत इथेच होते. 'शि' ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा मान, शेवटचं '-यो' किंवा '-सम्निदा' जो ऐकतोय त्याचा. मराठीत बघा: "आजोबा आलेत रे." आजोबांना 'आलेत', मित्राला 'रे'. कोरियनमध्ये "हाराबॉजी ओश्यॉस्सॉ", आजोबांसाठी 'शि' आहे, मित्रासाठी '-यो' गाळलंय. उलट शेजारच्या काकूंना "मांजर आलंय हो" म्हणताना मांजराला कसला मान? तिथे 'शि' नाही, पण '-यो' हवंच. आपल्या 'हो'च्या जागी '-यो' बसवा, निम्मं काम झालं. '-सम्निदा' म्हणजे त्यावर इस्त्रीचा शर्ट.

लिपीत तिथे 'प' दिसेल, पण जगत् + नाथचं जगन्नाथ होतं तसा पुढच्या 'न'मुळे त्याचा 'म' होतो. 'सप्निदा' म्हणू नका.

एकच एक धरून बसायची गरज नाही. आमच्या मीटिंगची सुरुवात '-सम्निदा'ने होते, चहा आला की आपोआप '-यो' सुरू. साहेबांनी काम सांगितलं की मात्र "आरास्सॉयो" नको, "आल्गेस्सम्निदा" म्हणा. पहिल्यात "बरं, कळलं" असा सूर लागतो.

आणि टोपिक-२ (कोरियन भाषेची परीक्षा) देणार असाल तर ५४व्या प्रश्नाच्या निबंधात दोन्हींना हात लावू नका. तिथे ऐकणारा कुणी समोर नसतो, म्हणून साधं '-दा' चालतं.