सोसायटीच्या १०० केएलडी (रोज १०० घनमीटर) एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या, पाण्यात नायट्रेट लिटरमागे ११० मिलिग्रॅम येतंय. आरओ बसवू की जिवाणूंची पावडर टाकू?

दोन्ही नको. आरओ नायट्रेट संपवत नाही, रिजेक्टमध्ये (बाजूला टाकलेल्या पाण्यात) गोळा करतो; ते पाणी शेवटी त्याच एसटीपीत ओतणार ना? आणि पावडर विकणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. नायट्रेट फोडणारे जिवाणू तुमच्या स्लजमध्ये, म्हणजे प्लांटमधल्या गाळात, भरपूर आहेत. त्यांना हवेतला ऑक्सिजन आयता मिळतोय, म्हणून ते नायट्रेटला हात लावत नाहीत.

पटत नसेल तर एअरेशन टँकमधलं (ब्लोअरने हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी लिटरभर जारमध्ये ठेवा. अर्ध्या तासात गाळ नीट बसेल आणि तास-दोन तासांनी गोळे होऊन वर येईल. काठीने हलवलात की बुडबुडे सुटून पुन्हा तळाला जाईल. ते बुडबुडे नायट्रोजनचे. म्हणजे हवा थांबताच जिवाणू कामाला लागले! सेटलिंग टँकवर असाच गाळ तरंगताना पाहून ‘बल्किंग झालंय, ब्लोअर वाढवा’ सांगणारे इथेच चुकतात. बल्किंगचा गाळ मुळात नीट बसतच नाही, आणि ब्लोअर वाढवून नायट्रेट कमी होत नाही.

एअरेशनच्या आधी, कच्चं सांडपाणी येतं तिथे, बिनहवेचा कप्पा करा; त्या सांडपाण्यातली घाण हेच या जिवाणूंचं अन्न. १२-१३ घनमीटर, म्हणजे तीन तासांची आवक. आत डिफ्यूझर (हवेचे बुडबुडे सोडणारा) नको, नुसतं ढवळणारा मिक्सर हवा. एअरेशनच्या शेवटच्या टोकाकडून आवकेच्या दुप्पट पाणी (ताशी साधारण ८ घनमीटर) पंपाने इथे फिरवा. रिटर्न स्लज (सेटलिंग टँकमधून परत येणारा गाळ) एकपट धरला की एकूण तिप्पट झालं, त्यात जास्तीत जास्त ७५ टक्के नायट्रेट जातं. एकूण चौपट केलंत तरी ८०च. उलट ऑक्सिजन जास्त येतो: पंपाच्या पाण्यात डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे ३ मिलिग्रॅम असेल तर आवकेच्या लिटरमागे ६ मिलिग्रॅम, आणि तेवढा ऑक्सिजन २ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन काढायला लागणारं अन्न फस्त करतो. म्हणून पंप ठेवाल तिथे डीओ १ च्या आसपास ठेवा.

कच्च्या सांडपाण्यातलं अन्न कमी पडलं तरच गूळ. काढायच्या एक किलो नायट्रोजनमागे ५-६ किलो, विरघळवून, दिवसभर थोडा थोडा. एकदम ओतलात तर न वापरलेली साखर बीओडी (जिवाणूंनी खाण्याजोगी घाण) म्हणून बाहेर पडेल.

हो, ते ११० ‘नायट्रेट’ म्हणून आहेत की ‘नायट्रोजन’ म्हणून, हे लॅबला आधी विचारा. नायट्रेट असतील तर ४.४३ ने भागा, नायट्रोजन २५ भरेल. अमोनियाही तपासून घ्या. तो शिल्लक असेल तर आधी एअरेशन सुधारा, कारण अमोनियाचं नायट्रेट झाल्याशिवाय या कप्प्याला काही कामच नाही. आणि प्लांट एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने भरणं, हवा देणं, गाळ बसवणं) असेल तर बांधकाम करू नका, टाकी भरताना ब्लोअर बंद ठेवून नुसतं ढवळा.