वाचकांचे प्रश्न : दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे

सीमाभागातील वाचकांकडून अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील फुप्फुसांसंबंधीचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला. वजन जेमतेम एक किलो होते. अडीच महिने पेटीत ठेवल्यानंतर आता त्याला ऑक्सिजनच्या नळीसह घरी पाठवले आहे आणि कार्डावर ‘ब्राँकोपल्मनरी डिसप्लेसिया’ असे लिहिले आहे. दवाखान्यात दिलेल्या ऑक्सिजननेच फुप्फुसे बिघडली, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का? आणि ऑक्सिजन जन्मभर लागेल का? (एक आई, निपाणी)

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, पण उरलेले अर्धे कळल्याखेरीज तुमच्या मनातला दोष जाणार नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात फुप्फुसांतील श्वासनलिकांच्या फांद्या तयार झालेल्या असतात, परंतु त्यांच्या टोकांना खरे वायुकोश, म्हणजे जिथून ऑक्सिजन रक्तात जातो ते बारीक फुगे, नसतात. तिथे जाड भिंतींच्या मोजक्याच पिशव्या असतात आणि रक्तवाहिन्यांचे जाळेही विरळ असते. वायुकोश बनण्याचे काम साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास जोर धरते आणि जन्मानंतरही कित्येक वर्षे चालू राहते. शिवाय या पिशव्या श्वास सोडताना मिटू नयेत म्हणून आतून जो स्निग्ध थर लागतो, ज्याला सरफॅक्टंट म्हणतात, तो चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागत असला तरी पुरेसा होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. तो नसेल तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू चिकटाव्यात तशा या पिशव्या मिटतात आणि बाळाला प्रत्येक श्वास नव्याने फुप्फुस फुगवून घ्यावा लागतो. पहिल्या तासांतला कण्हण्यासारखा आवाज आणि छातीचे आत ओढले जाणे याच कारणाने असते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक 1963 मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोनच दिवसांत सरफॅक्टंटच्या याच कमतरतेने गेला. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते. तशी बाळे आज तालुक्याच्या गावीही वाचतात.

अशा बाळाला ऑक्सिजन आणि श्वासाचे यंत्र दिले नाही तर ते जगत नाही, आणि दिले तर त्या दाबाचा व ऑक्सिजनचा ताण अर्धवट वाढलेल्या ऊतींवर पडतो. 1967 मध्ये नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रावर ठेवलेल्या बाळांच्या फुप्फुसांतले व्रण पाहून तुमच्या कार्डावर लिहिलेल्या या आजाराचे, ब्राँकोपल्मनरी डिसप्लेसियाचे, प्रथम वर्णन केले. आता नाकावाटे हलका दाब देणारे सीपॅप, बाहेरून दिले जाणारे सरफॅक्टंट, श्वास विसरणाऱ्या बाळांसाठी कॅफीन आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान राखण्याची शिस्त आल्यामुळे तसे व्रण क्वचितच दिसतात. आज दिसणारा आजार मुख्यतः वाढ थांबण्याचा आहे : वायुकोश कमी आणि मोठे राहतात, रक्तवाहिन्या अपुऱ्या राहतात. गर्भाशयातला संसर्ग, जन्मानंतरचा जंतुसंसर्ग आणि खुंटलेली वाढ यांचाही त्यात वाटा असतो. गर्भाचे व जन्मानंतरचे मिळून छत्तीस आठवडे भरले तरी ऑक्सिजन लागत असेल तर हे निदान कार्डावर येते. तेव्हा ऑक्सिजन दिला ही कोणाची चूक नव्हती.

तो जन्मभर लागण्याची शक्यता फार थोडी आहे. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत 30 कोटींहून अधिक वायुकोश असतात आणि त्यांतले बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. तुमच्या मुलाच्या हातात हाच काळ आहे. बहुतेक बाळांचा ऑक्सिजन काही महिन्यांत, पुष्कळदा पहिल्या वाढदिवसाच्या आत सुटतो. मात्र तो कधी सोडायचा हे बाळ ‘गुलाबी दिसते’ यावरून घरी ठरवू नये. पातळी सतत थोडी कमी राहिली तरी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो, आणि हे बाहेरून लवकर दिसत नाही. म्हणून झोपेत, दूध पिताना आणि जागेपणी अशी तिन्ही वेळची नोंद पाहून, गरज असल्यास हृदयाची इको तपासणी करून, डॉक्टर प्रवाह हळूहळू कमी करतात. पातळी साधारणपणे 92-93 टक्क्यांच्या वर राहावी असे धोरण असते. घरात कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे विजेवरचे यंत्र) असेल तर वीज जाण्याच्या वेळेसाठी एक लहान सिलिंडर भरून ठेवावा, आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी, काडेपेटी काहीही नसावे.

दुधाबद्दल एवढेच सांगतो की ही बाळे श्वासासाठीच पुष्कळ शक्ती खर्च करतात, त्यामुळे त्यांना दर किलो वजनामागे दिवसाला 120 ते 150 किलोकॅलरी लागू शकतात. आईचे दूध उत्तमच. पण वजन वाढत नसेल तर त्यात काय मिसळायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवा, पाणी घालून पातळ केलेले वरचे दूध देऊ नका. तुमच्या भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, तंबाखूच्या वखारीतून माणसे परत येतात. त्या कामाच्या खोलीत बाळ नसावे आणि कामाच्या कपड्यांनिशी कोणी त्याला उचलू नये.

प्रश्न : माझी नात आठव्या महिन्यात झाली. सातमाशी मूल जगते, अठमाशी जगत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. ती आता घरी आहे. न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग आणि लसणीच्या सालींची धुरी देऊ नका, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आम्ही आमची सगळी मुले धुरीवरच वाढवली. कोणाचे ऐकावे? (एक आजी, खानापूर तालुका)

उत्तर : आजी, पहिली समजूत मनातून काढून टाका, गर्भात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या बाजूनेच असतो आणि आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असते.

धुरीच्या बाबतीत मात्र मी डॉक्टरीणबाईंच्या बाजूने स्पष्टपणे उभा आहे. तुमची मुले पूर्ण दिवसांची होती. नातीच्या श्वासनलिका बारीक आहेत, आणि धुरातले सूक्ष्म कण त्यांना सूज आणतात, मग ते कोळशाचे असोत की ओव्याचे. खानापूरच्या पावसात दारे-खिडक्या बंद असतात, चुलीवर न्हाणीचे पाणी तापत असते, तेव्हा धूर घरातच कोंडतो. या बाळांना दमट दिवसांतला साधा पडसाही दवाखान्यात नेतो, तिथे धुराची भर कशाला? ऊब हवी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधा. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच, आणि शेगडीपेक्षा ती कितीतरी खात्रीची आहे. न्हाऊ घालताना नाकात तेलाचे थेंबही सोडू नका. ते फुप्फुसात उतरून निराळाच न्यूमोनिया करतात. अंगाला हलक्या हाताने तेल लावण्यास माझी हरकत नाही.

प्रश्न : पत्नीला एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी एक इंजेक्शन देऊन बेळगावला पाठवले, तिथे आणखी तीन दिली. बाळाच्या फुप्फुसांसाठी आहेत असे सांगितले. स्टेरॉइड होते असे नंतर कळले. त्याने बाळाला अपाय तर होणार नाही? (एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : नर्सबाईंनी अगदी योग्य केले. ते डेक्सामेथासोन असावे. 6 मिलिग्रॅमचे एक, अशी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने देतात, आणि दुसरीकडे पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचनांनी परिचारिकांना दिलेली आहे. आईला दिलेले हे औषध वारेतून बाळापर्यंत जाते आणि सरफॅक्टंट तयार होण्यास गती देते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये हे प्रथम दाखवले. पुढे गरीब देशांतल्या दवाखान्यांत त्याचा उपयोग होतो की नाही, याविषयी खरोखरच शंका उपस्थित झाली होती. ती दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला. त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे औषध मिळालेल्या मातांची बाळे पहिल्या महिन्यात दगावण्याचे प्रमाण 23.5 वरून 19.6 टक्क्यांवर आले. अट एवढीच की आठवडे नीट मोजलेले असावेत, आईला संसर्ग नसावा आणि प्रसूती नवजात बाळांची सोय असलेल्या ठिकाणी व्हावी. म्हणून तायी कार्डावरची, म्हणजे गरोदर मातेच्या नोंदीच्या सरकारी कार्डावरची, पाळीची तारीख आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी जपून ठेवावी.

प्रश्न : मुलगी दोन महिने आधी झाली. लसी कोणत्या वयाने द्यायच्या? (एक आई, संकेश्वर)

उत्तर : जन्मतारखेने. रांगणे-बसणे मोजताना तेवढे दोन महिने वजा करावेत, लसींसाठी करू नयेत. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस विकत घेऊन द्यावी आणि घरातल्या मोठ्यांनीही घ्यावी, कारण लहान बाळापर्यंत खोकला बहुधा तेच पोचवतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती आजच करून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यातला असून आता नऊ वर्षांचा आहे. त्याला तालमीत जायचे आहे, पण धावल्यावर छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. पाठवावे का? (एक वडील, चिक्कोडी)

उत्तर : पाठवावे, पण आधी फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही चाचणी करून घ्या, या वयाची मुले ती व्यवस्थित करतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत श्वासनलिका अरुंद राहतात आणि लक्षणे दम्यासारखी दिसतात, तरी दम्याचे प्रत्येक औषध लागू पडतेच असे नाही. म्हणून इन्हेलरने चाचणीत खरोखर फरक पडतो का, हे पाहूनच तो सुरू ठेवावा. शेजारच्या मुलाचे औषध किंवा दर खोकल्याला नेब्युलायझरची वाफ हा मार्ग नव्हे. व्यायामाने फुप्फुसांना इजा होत नाही, उलट दम वाढतो. गुऱ्हाळे पेटलेली असतात किंवा शेतात पाचट जाळतात त्या दिवशी मात्र मोकळ्यावर धावणे टाळावे. वस्तादांना आजाराची कल्पना द्या, इन्हेलर लागू पडत असेल तर तो लंगोटाच्या पिशवीतच असू द्या, आणि पुढे मिसरूड फुटण्याच्या वयात विडी-सिगारेटबद्दल त्याच्याशी इतर मुलांपेक्षा आधी बोला, कारण मुळातच कमी असलेली फुप्फुसांची शिल्लक धूम्रपानाने फार लवकर संपते.