लीड्सला लेकीकडे जाताय? मग स्किप्टनचा बाजार करा

ताई, तुमचे तीन प्रश्न दिसले: लीड्सला लेकीकडे राहताना जुन्या पद्धतीचा इंग्रजी बाजार कुठे बघावा, तिथे घासाघीस चालते का, आणि शाकाहारी माणसाला काय मिळेल. माझा मुलगा त्याच भागात राहतो आणि तिकडे गेले की घरचा बाजार माझ्याकडेच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्किप्टनला जा. लीड्सहून थेट गाडी आहे, पाऊण तासाच्या आसपास लागतो. बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. शनिवारी लेक-जावई घेऊन जातीलच, पण माझं ऐकाल तर बुधवारी तुम्ही दोघंच जा. मुलं कामावर गेली की तिथल्या घरात दिवस सरत नाही. "आज भाजी मी आणते" म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडलं की पाहुणेपण जातं, आणि संध्याकाळी मुलांना सांगायला आपल्याकडेही काही असतं. साठी ओलांडली असेल तर पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढता येतं. तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते.

तिथे बाजार भरवायची सनद जॉन राजाने १२०४ साली दिली. तेव्हापासून हे गाव बाजाराचंच. दोन बाजारांत किमान सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचं अंतर असावं, असा इंग्लंडात जुना दंडक होता. त्यामागचा हिशेब मला फार आवडतो: माणूस दिवसाला वीस मैल चालतो असं धरायचं, मग एक तृतीयांश दिवस जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला आणि उरलेला उजेडात घरी परतायला. आपल्या आठवडी बाजारांसारखे तिथेही गावागणिक वार ठरलेले. त्याच रेल्वेमार्गावर पुढे सेटल आहे, तिथला बाजार मंगळवारचा आणि त्याची सनद १२४९ची.

स्किप्टनचे स्टॉल हाय स्ट्रीटच्या दोन्ही कडांना, घडीव दगडांच्या फरसबंदीवर लागतात. पावसात ती निसरडी होते, तेव्हा चपला नकोत, बूटच घाला. रस्त्याच्या वरच्या टोकाला किल्ला आहे. त्याच्या आतल्या चौकात किल्ल्याची मालकीण लेडी अ‍ॅन क्लिफर्ड हिने १६५९ साली लावलेलं यू नावाचं सदाहरित झाड अजून उभं आहे. पाय थकले नसतील तर जरूर बघा.

घासाघीस करू नका. दुपार कलली की विक्रेते आपणहून भाव उतरवतात. फळं दाबून, निवडून घ्यायची आपली सवय तिथे खपत नाही. हवं ते बोटाने दाखवा, ते काढून देतात. जुनी मंडळी अजून पौंडात वजन सांगतात, एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. कुणी "लव्ह" म्हणून हाक मारली तर संकोचू नका, यॉर्कशायरात, म्हणजे लीड्स-स्किप्टनच्या परगण्यात, सगळ्यांनाच तशी हाक मारतात. गर्दी नसेल तर भाजीवाल्याला विचारा, हे शिजवायचं कसं? मनापासून सांगतात. माझी तिथली निम्मी ओळखपाळख या एका प्रश्नावर झाली आहे.

आता शाकाहाराचं. चिप्स (तिकडे म्हणजे बटाट्याचे तळलेले लांब काप) म्हणजे नुसता बटाटा असं समजू नका. यॉर्कशायरात बऱ्याच ठिकाणी त्या गोमांसाच्या चरबीत तळतात. 'पाय' (pie, पारीत सारण भरून भाजतात तो पदार्थ) आणि पेस्ट्रीच्या पारीत डुकराची चरबी असू शकते. वेन्सलीडेल चीज यॉर्कशायरच्याच डोंगराळ भागातलं आणि चवीला सौम्य. पण दूध विरजायला प्राण्यांचं रेनेट वापरलंय की शाकाहारी, हे विचारूनच घ्या. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर गुलाबी रुबार्ब, म्हणजे आंबट देठांची एक भाजी, घ्याच. वेकफिल्डच्या आसपास ते अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. त्या भागातल्या या रुबार्बला २०१०मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. पानं विषारी असतात, फक्त देठ खायचे. गूळ, मेथी आणि तिखट घालून मी त्याचा मेथांब्यासारखा प्रकार करते, आणि मुलाच्या घरी तो दोन दिवसही पुरत नाही.

पाऊस फारच असेल तर स्किप्टन राहू दे, लीड्समधल्याच कर्कगेट मार्केटला जा. ते छताखाली आहे. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात मायकेल मार्क्सने १८८४ साली तिथेच मांडलेल्या स्टॉलवरून झाली.

कोणत्या महिन्यात जाताय ते कळवा, म्हणजे तेव्हा काय ताजं मिळेल ते लिहिते.