बॅरल उतरलं तरी पंपावरचा दर का हलत नाही?

प्रश्न दोन आहेत: कच्चं तेल स्वस्त होऊनही पेट्रोल तिथेच का, आणि परभणीत ते मुंबईपेक्षा महाग का. आधी दर सोलून बघा.

मुंबईचा 2025 मधला 103.50 रुपये हा दर घ्या. त्यातून राज्याचा लिटरमागचा ठरावीक कर 5.12 वजा करा. व्हॅट 25 टक्के, म्हणून उरलेल्याला 1.25 ने भागा. येतात 78.70. राज्याकडे गेले 24.80. केंद्राचं उत्पादन शुल्क, एप्रिल 2025 च्या वाढीनंतर, 21.90. राहिलेल्या 56.80 मध्ये पंपचालकाचं कमिशन (चार रुपयांच्या आसपास), वाहतूक, तेल, रिफायनरी आणि कंपनीचा नफा.

केंद्राचं शुल्क रुपयांत असतं, व्हॅट टक्क्यांत आणि तोही शुल्क व कमिशन धरून. म्हणून केंद्राने 1 रुपया सोडला की आपल्याकडे सव्वा रुपया उतरतो. वाढवला तर उलट.

आता बॅरल. त्यात 159 लिटर. डॉलर 85 रुपयांचा धरला तर बॅरलमागे 1 डॉलर उतरल्यावर लिटरला 53 पैसे, व्हॅटसह 67 पैसे सुटायला हवेत. हिशोब ढोबळ आहे, कारण कंपन्या आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तयार पेट्रोलचा भाव धरतात आणि तो कच्च्या तेलाच्या मागोमाग जातोच असं नाही.

हे पैसे अडतात कुठे? 16 जून 2017 पासून पंपावरचा दर रोज सकाळी 6 ला बदलतो म्हणे. पण एप्रिल 2022 नंतर कंपन्यांनी तो जवळपास गोठवूनच ठेवला. भाव चढे असताना झालेला तोटा भाव उतरल्यावर भरून काढला. दुसरी वाट शुल्काची. एप्रिल 2020 मध्ये आपल्या बास्केटची (भारत विकत घेतो त्या कच्च्या तेलाच्या भावाची) सरासरी बॅरलमागे 20 डॉलरखाली होती, आणि त्याच वर्षी मार्च व मेमध्ये मिळून पेट्रोलवरचं शुल्क 13 रुपयांनी वाढलं. एप्रिल 2025 ची 2 रुपयांची वाढही पंपावर दिसली नाही. ती कंपन्यांनी आपल्या नफ्यातून सोसली.

परभणीचा मामला वेगळा. जुलै 2024 पासून मुंबई-ठाण्याचा आणि बाकी राज्याचा व्हॅट सारखाच आहे, त्यामुळे फरक मुख्यतः वाहतुकीचा. माल मनमाडच्या डेपोतून टँकरने येतो, भाडं मूळ किमतीत मिसळतं आणि त्यावरही व्हॅट लागतो. म्हणजे 1 रुपया भाड्याचे ग्राहकाला सव्वा रुपया.

नवापूर, तलासरीकडचे असाल तर टाकी गुजरातेत भरा. तिथे व्हॅट 13.7 टक्के आणि वर 4 टक्के सेस. लिटरमागे आठ-नऊ रुपये वाचतात. मात्र त्यासाठी मुद्दाम लांबून जाऊ नका, वाचलेलं वाटेतच जळेल.