रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा

लेकरा,

सोमवारच्या टेस्टला येणारी गणितंसुद्धा सुटत नाहीत, असं लिहिलंस. त्याच पत्रात, लातुरात रविवारी रात्री मेस बंद असते आणि महिनाअखेरीला बाहेर खायला पैसे उरत नाहीत, हेही लिहिलंस. मला ही एकच तक्रार वाटते.

तुला टाइप १ मधुमेह, आणि तुझं इन्सुलिन ३०/७०. त्यातला ३० टक्के भाग जेवणासाठीचा, लवकर काम करणारा; ७० टक्के भाग संथ. तो टोचल्यानंतर ४ तासांपासून पुढं जोर धरतो. रात्री ८ ला सुई घेतली आणि जेवण बुडालं, तर मध्यरात्रीनंतर रक्तातली साखर पडते. घामानं भिजलेली उशी, भीतीदायक स्वप्नं, सकाळी जड डोकं या त्याच्या खुणा. मेंदू साखर साठवत नाही म्हटलं तरी चालेल, त्याला ती रक्तातून सतत लागते. साखर ५४ (mg/dL) च्या खाली गेली की लक्ष आणि हिशेब दोन्ही अडखळतात, आणि साखर सावरली तरी डोकं ताळ्यावर यायला पाऊण तास जाऊ शकतो. म्हणून स्वतःला मठ्ठ म्हणू नकोस.

साखर ७० च्या खाली दिसली, की चहाचे ३ सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून पी. १५ मिनिटांनी तपास. कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. शेंगदाण्याचा लाडू त्या वेळी नको, त्यातल्या तेलामुळं साखर उशिरा चढते. साखर वर आली की मग भाकरी खा.

गावाहून कडक भाकरी आण, ती बरेच दिवस टिकते. सोबत येसर आणि फुटाणे. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे रविवारच्या जेवणाचा हिशेब लागतो.

जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं टाइप १ मध्ये जिवावर बेततं: उलट्या, धाप, मग थेट दवाखाना. उपाशीपोटी पूर्ण डोस घेणंही तितकंच घातक. अर्धा डोस मनानं ठरवू नकोस. डॉक्टरांना लाज न बाळगता सांग, 'रविवारी जेवणाची खात्री नसते, तेव्हा किती युनिट?' पोट भरत नाही हे त्यांना कळलं नाही, तर ते भरल्या पोटाचाच डोस लिहिणार. कदाचित ते संथ आणि जेवणाचं इन्सुलिन वेगळं करून देतील.

साखर तपासायच्या स्ट्रिप महाग आहेत, ठाऊक आहे. तरी रविवारी रात्री ३ ला एक आणि सोमवारी उठल्याबरोबर एक वापरच. टेस्टच्या तासभर आधी आकडा कळला, तर सावरायला वेळ मिळतो.

डॉक्टरांनी रविवारसाठी किती युनिट सांगितले, ते कळव.